नऊ एकांचा डोंगर

श्रोतेहो, जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. नसली तरी चालेल, कारण आज जी संख्या सांगणार आहे ती एकदा ऐकली की विसरत नाही. एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि तसंच एकपर्यंत उतरायचं: १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक झाले. जुन्या पद्धतीनं एकं, दहं, शतं म्हणत गेलात तर ‘परार्ध’ एक घर दूर राहतं, ‘मध्य’पाशी थांबावं लागतं.

ही संख्या येते कुठून? ओळीनं नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येला तिनंच गुणा. शाळेतला साधा गुणाकार मांडला की नऊ ओळी होतात. प्रत्येक ओळीत तेच नऊ एक, फक्त एकेक घर डावीकडे सरकलेले. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक १, पुढच्यात दोन, मग तीन, अगदी मधल्या रकान्यात नऊ आणि तिथून पुन्हा उतार. कुठंही हातचा येत नाही, म्हणून डोंगर शाबूत राहतो.

अशा संख्यांना ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा. नोकरी देवळालीला शाळामास्तराची. डेम्लो म्हणजे डोंबिवली स्टेशन; ही कल्पना त्यांना तिथं सुचली! पदव्युत्तर शिक्षण नाही, त्यामुळं आपल्याकडच्या कित्येक विद्वानांना हे सारं पोरखेळ वाटे. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं तेव्हा जग त्यांना ओळखू लागलं. तोवर मास्तर निवृत्तही झाले होते.

पोरखेळ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट पाहायला हवी होती. आपल्या रकान्यांत एकूण किती १ होते? नऊ नव्वे एक्क्याऐंशी. हातचा नाही, म्हणून संख्येतल्या अंकांची बेरीजही ८१च. आणि नऊ एकांच्या संख्येला ९नं भाग जातो, कारण तिच्या अंकांची बेरीज ९. मग तिच्या वर्गाला ९ गुणिले ९, म्हणजे ८१नं भाग जाणारच. उत्तर १५२४१५७८९९७१०४१. स्वतःच्या अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्येलाही कापरेकरांनीच नाव ठेवलंय, ‘हर्षद’: हर्ष देणारी.

आता हाव सुटते. दहा एक घेतले तर? मधल्या रकान्यात दहा येतात, शून्य मांडून हातचा शेजारच्या नऊला, त्याचेही दहा, तिथला हातचा आठाला. वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढावरचा आठ गायब आणि शिखराच्या जागी दोन शून्यांचा खड्डा! अंकांची बेरीज ८२. संख्या विषम, ८२ सम, तेव्हा भाग जाण्याचा प्रश्नच नाही. डोंगरही गेला, हर्षही गेला.

विश्वास बसत नसेल तर करून पाहा. कागद मात्र जरा रुंद घ्या.