पत्ता आणि माणूस



ज्या गावात १ जून १९२९ रोजी प्रभात कंपनी उभी राहिली, त्या गावात चित्रपटाची चोरी वाईट हे सांगावे लागत नाही. पूर्वी चित्रपट पत्र्याच्या डब्यातून येई. डबा कुलुपात पडला की मालक निश्चिंत. आज तो डबाच उरला नाही. जून २०१६ मध्ये ‘उडता पंजाब’ प्रदर्शनापूर्वीच इंटरनेटवर फुटला आणि हां हां म्हणता पसरला.

पसरतो कसा? समजा, एका पोथीची शंभर पाने पेठेतल्या शंभर घरांत वाटली. प्रत्येकाने आपल्या पानाची नक्कल इतरांना द्यायची आणि त्यांच्या पानांची आपण घ्यायची. संध्याकाळी घरोघर पुरी पोथी! ब्रॅम कोहेन या अमेरिकन गृहस्थाने २००१ साली काढलेली बिटटोरंटची रीत ती हीच. मध्ये दुकान नाही. मग टाळे ठोकायचे कुठे?

परंतु देवघेव करायची तर आपला पत्ता सांगावा लागतो. पहारेकरी हेच हेरतो. तोही गिऱ्हाईक बनून गर्दीत शिरतो आणि कोणता पत्ता किती वाजता तेथे होता, याचे टिपण ठेवतो.

हे टिपण कितपत खरे? २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी त्याची परीक्षा पाहिली. देवघेव करणाऱ्यांच्या यादीत त्यांनी मुद्दाम छपाईयंत्रांचे पत्ते घुसविले. यंत्रांनी काहीच उतरवून घेतले नव्हते. तरी चोरीच्या नोटिसा त्यांच्या नावे आल्या! पहारेकऱ्याने यादी वाचली होती, देवघेव पाहिली नव्हती.

आपल्याकडे तर एका जोडणीवर सारे घर असते, कधी सारे वसतिगृह. पत्ता दाराचा असतो, आतल्या माणसाचा नव्हे. शिवाय २०१६ सालीच, ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केले, की चोरटी प्रत नुसती पाहणे हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नव्हे. ती वाटणे हा गुन्हा. म्हणजे पाहणारा कोण आणि वाटणारा कोण, हेही निवडावे लागणार.

चोर जरूर पकडावा. कलावंताच्या घामाचे मोल त्याने बुडविले आहे. पण पकडणाऱ्याने यादीपुढे दोन पावले जावे. देवघेव प्रत्यक्ष पाहावी, आणि दारामागचा माणूस शोधावा. नाहीतर चोर राहील बाजूला आणि शेजारची म्हातारी कचेरीच्या पायऱ्या चढेल.