भक्तिगायन आणि युरोपीय सूर : दक्षिणेतील एक प्रयोग



भारतीय भक्तिगायनाचा युरोपीय संगीताशी मेळ घालावा किंवा नाही, हा प्रश्न निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना त्यात परंपरेची भेसळ दिसते, तर काहींना सर्व प्रगतीचे द्वार. या वादाचा निवाडा तर्कापेक्षा इतिहासाच्या आधारे करणे अधिक श्रेयस्कर होय. कारण हा प्रयोग सुमारे दोनशे वर्षांपूर्वी दक्षिण भारतात होऊन गेला आहे, आणि त्याचे फलित आज सर्वांसमोर आहे.

मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई येथील सेंट जॉर्ज किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीची बँडपथके वाजत असत. जवळच्या मणली गावी रामस्वामी दीक्षितर यांचे कुटुंब आश्रयास होते. त्यांचे पुत्र मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५-१८३५) हे कर्नाटक संगीताच्या त्रिमूर्तींपैकी एक. पथकांच्या चाली ऐकून त्यांनी त्यांवर गणपती, देवी, शिव आदी दैवतांची संस्कृत स्तोत्रे रचली. ‘नोट्टुस्वर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचना चाळीसच्या आसपास आहेत. त्यांतील एक तर ब्रिटिश राष्ट्रगीताच्या चालीवर बांधलेली आहे. राजाच्या स्तुतीसाठी योजलेली चाल देवीच्या प्रार्थनेकडे वळविली गेली, ही गोष्ट मननीय आहे.

हा मेळ साधला तो योगायोगाने नव्हे. युरोपीय ‘मेजर’ स्वरसप्तक आणि कर्नाटकातील शंकराभरण मेळ यांचे स्वर एकच. आपल्याकडे त्यालाच बिलावल थाट म्हणतात. म्हणजे दीक्षितरांनी दोन्ही परंपरांची सामाईक भूमी प्रथम शोधली. दुसरे असे की, या सरळ चालींवर त्यांनी गमकांचा भार लादला नाही. आणि तिसरे, आपल्या कमलांबा नवावरणासारख्या प्रौढ कृतींत त्यांनी गमकयुक्त, विलंबित गायकी अबाधित राखली. नवे स्वीकारताना जुन्याची जागा त्यांनी त्याला दिली नाही. आजही नोट्टुस्वर बालविद्यार्थ्यांना आवडीने शिकविले जातात.

त्यांचे कनिष्ठ बंधू बालुस्वामी (१७८६-१८५८) यांनी युरोपीय वादकाकडून व्हायोलिन आत्मसात केले. कर्नाटक संगीतात हे वाद्य आणण्याचे श्रेय सामान्यतः त्यांनाच दिले जाते. पुढे वादक मांडी घालून बसू लागला. वाद्याचे टोक पावलावर टेकल्याने डावा हात मोकळा झाला आणि गमके काढणे सुकर झाले. तारा षड्ज-पंचमात जुळविल्या गेल्या. वाद्य परके राहिले नाही, कारण ते गायकीच्या शिस्तीत आले. आज व्हायोलिनच्या साथीविना कर्नाटक गायनाची मैफल विरळाच.

या कथेत मराठी माणसाचाही वाटा आहे. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (१७९८-१८३२) यांचे शिक्षण जर्मन मिशनरी श्वार्त्झ यांच्या देखरेखीखाली झाले. त्यांच्या दरबारी पाश्चात्य वाद्यांना आश्रय होता; त्याच दरबारात मुत्तुस्वामींचे शिष्य असलेले चार बंधू नृत्यसंगीताची घडी बसवीत होते, आणि त्यांतील वडिवेलु व्हायोलिनवादनात निष्णात होते. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील कीर्तनकार तंजावरास गेले. त्यांच्या पद्धतीवरून तंजावर कृष्ण भागवतर (१८४७-१९०३) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले, आणि व्हायोलिनही हरिकथेच्या साथीस बसले.

याउलट हार्मोनियमचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. १८४२ मध्ये पॅरिस येथे द बँ यांनी पेटंट घेतलेले हे वाद्य आपल्या भजन-कीर्तनात घरोघरी पोचले. त्याने सर्वसामान्यांना सुरांचा आधार दिला, हे निर्विवाद. परंतु त्याच्या सप्तकातील बारा पट्ट्यांचे स्वर स्थिर असल्याने त्यावर मींड निघत नाही आणि श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत. याच कारणास्तव आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला मज्जाव केला. तो १९७१ मध्ये शिथिल झाला. वाद्य दोषी नव्हे, परंतु त्याच्या मर्यादा ओळखणे हे वापरणाऱ्याचे काम होय.

आज शाळांच्या प्रार्थनेत आणि गावोगावच्या भजनी मंडळांत विजेवर चालणारा कीबोर्ड आला आहे. त्यावर एक कळ दाबताच तयार ताल आणि स्वरमेळ वाजू लागतो. अशा वेळी दर मात्रेस बदलणाऱ्या स्वरमेळाखाली रागाचा षड्ज झाकोळतो, आणि मूल पट्टीबरहुकूम गाऊ लागते. ज्या कानाने मींड कधी ऐकलीच नाही, त्या कंठातून ती निघणार कशी? म्हणून शिक्षकांनी मुलांना प्रथम तंबोऱ्याच्या सुरावर गाण्यास शिकवावे. कीबोर्डची साथ त्यानंतर द्यावी. मंडळांनी तयार ठेक्याऐवजी मृदंग व टाळ यांनाच पुढे ठेवावे. ग्रामपंचायतींनी मंडळांस वाद्ये देताना तंबोऱ्याचाही विचार करावा.

परकीय सूर घेण्यात कमीपणा नाही. दीक्षितर बंधूंनी ते खुल्या मनाने घेतले. मात्र त्यांच्या हाती आपला षड्ज पक्का होता. तो पक्का असेल तोवर कोणत्याही देशीचे वाद्य देवापुढे बसविता येईल.