पाचवं नाक



फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यात कोत-रोती नावाची रेड वाइन करतात. मुख्य द्राक्ष काळं सिरा; सोबतीला पांढरं व्हिओनिए, फार तर २० टक्के. दोन्ही एकत्रच आंबवतात. ग्लास फिरवून हुंगला, की जर्दाळू जाणवतो तो व्हिओनिएचा, काळी मिरी सिराची. मिरीचा हा वास रोटंडोन या द्रव्याचा. आपल्या मसाल्याच्या मिरीतही तेच असतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं. त्यांच्या चाचणीत साधारण पाचांतल्या एकाला तो वासच आला नाही. आमच्या घरी नवऱ्याला येतो, पाचवी मी. हा फरक अकलेचा नाही, हार्डवेअरचा!

म्हणून वाइन चाखताना "कळतं का?" विचारू नका, "तुला काय जाणवतं?" विचारा. आज शाळेच्या आठवणी काढतानाही तेवढंच करूया.