आडवी सायकल आणि तरुण



पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची सायकल म्हाताऱ्यांची, असे तरुण समजतात. आम्हांस हे पटत नाही. १९३३ साली पॅरिसला फ्रान्सिस फोर या दुय्यम दर्जाच्या सायकलपटूने शार्ल मोशे यांच्या अशाच सायकलीवर तासात ४५ किलोमीटरांहून अधिक मजल मारली. १९१४ चा विक्रम मोडला. माणूस तोच, वाऱ्याचा अडसर तेवढा कमी! पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलीची व्याख्याच अशी बांधली, की ही शर्यतीतून बाद झाली. (व्याख्या कोण लिहितो, हे कामगारांना सांगायला नको.) पोरे शर्यतीतल्या वीराची सायकल मागतात, हिचा वीर त्यांना दिसणार कुठे? ती महाग आहे, बसकी असल्याने रहदारीत चटकन दिसत नाही, हेही खरे. पण एकदा पोराला मोकळ्या रस्त्यावर तिच्यावर बसवा, आणि मग विचारा.