जुन्या ॲल्युमिनियमच्या डिझेल टाकीची निगा

बी-बियाणे आणि खते सोडून कृषी अधिकारी आज टाकी घासायला कुठे बसले, असे तुमच्यापैकी काही जण म्हणतील. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे. ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून आजचे हे बोलणे.

अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीच्या काठी अजून काही वस्त्यांवर ऑइल इंजिने चालतात. इंजिनाची पत्र्याची टाकी गंजली की काही जण भंगारातून ट्रकची जुनी ॲल्युमिनियमची टाकी आणून बसवतात. अशीच एक टाकी 2023 सालच्या मे महिन्यात एका अण्णांनी मला दाखवली. बाहेरून पांढरी भुकटी आलेली, आत काळा गाळ. मी न बघता सांगून टाकले, "अण्णा, कॉस्टिक सोड्याचे गरम पाणी भरून रात्रभर ठेवा, सकाळी लख्ख होईल." लोखंडी टाकीला हा उपाय चालतो. ही टाकी लोखंडी नव्हती, हे मी लक्षातच घेतले नाही.

दोन दिवसांनी अण्णा भेटले. म्हणाले, "साहेब, टाकी चकचकीत झाली, पण आता डिझेल राहत नाही बघा." तळाला पाच-सहा छिद्रे पडली होती. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि खाताना हायड्रोजन वायू सोडतो. हा वायूही पेट घेणारा. जिथे आधीच खड्डे होते, तिथे पत्रा आरपार गेला. धुण्याचा सोडा आणि चुलीतली राख यांचाही स्वभाव तसाच, फक्त जोर कमी. म्हणून या तिन्ही वस्तू ॲल्युमिनियमला लावायच्या नाहीत.

आधी धातू ओळखा

टाकीला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर बहुधा ॲल्युमिनियम. लोखंडाचा गंज तांबडा असतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते.

इथे एक गोष्ट समजून घ्या. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर आपोआप एक पातळ थर चढतो आणि तोच आतल्या धातूला राखतो. त्यामुळे नुसता मळकट राखाडी रंग म्हणजे रोग नव्हे. रोग आहे तो पांढऱ्या भुकटीखालचा खड्डा. आपण टाकी साफ करतो ती मिरवायला नव्हे, तर हे खड्डे आणि गळती सापडावी म्हणून.

आतून धुणे

हे काम उघड्यावर, सकाळच्या थंड वेळी करावे. जवळ चूल, विडी, ग्राइंडर काही नको. डिझेल झाकणाच्या डब्यात काढून घ्या. कॉक आणि नळी सोडवा. आत थोडे स्वच्छ डिझेल घालून टाकी हलवा आणि गाळासकट ओतून घ्या. दोन-तीनदा असे करा. या कामाला पेट्रोल कदापि वापरू नका. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचे कोमट पाणी घालून धुवा, स्वच्छ पाण्याने खळखळा आणि तोंड खाली करून पूर्ण वाळवा. निघालेला गाळ विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेतात ओतायचा नाही. गॅरेजमध्ये जळके ऑइल गोळा करतात, तिथे द्यावा.

बाहेरून घासणे

चिखल आणि तेलकटपणा साबणाच्या पाण्याने काढा. जुना रंग असेल तर कोरडा खरवडू नका, जुन्या रंगात शिसे असू शकते. ओला करूनच घासा. तारेचा ब्रश आणि लोखंडी काथ्या वापरू नका. लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात, गंजतात आणि तिथूनच नवा खड्डा सुरू होतो. नायलॉनचा ब्रश चालेल.

पांढरी भुकटी काढायला पाण्यातला पॉलिश पेपर घ्या. आधी 400 नंबर, मग 600, मग 800, शेवटी 1200. एक नंबर आडवा घासला तर पुढचा उभा घासा. आधीचे ओरखडे गेले की मगच पुढचा नंबर. कागद सतत ओला ठेवा. त्याने धातूची धूळ उडत नाही आणि हातही जड जात नाही. खोल खड्डा घासून सपाट करायच्या नादी लागू नका. पत्रा पातळ होईल, खड्डा तसाच राहील.

चकाकी हवीच असेल तर ॲल्युमिनियमची पॉलिश पेस्ट सुती फडक्याने लावा. फडके काळे होईल, घाबरू नका. तो धातूच निघतो आहे. शेवटी मेणाच्या पॉलिशचा हात द्या.

पण माझे ऐकाल तर उन्हात राहणाऱ्या टाकीला चकाकी देऊ नका, पांढरा रंग द्या. चकचकीत धातू ऊन परतवतो खरा, पण घेतलेली उष्णता तो लवकर सोडत नाही. दुपारी हात लावून बघा, चटका बसेल. पांढरी टाकी त्या मानाने थंड राहते. साधा तांबडा प्रायमर ॲल्युमिनियमवर धरत नाही, पापुद्रे निघतात. दुकानात एच प्रायमर मागा. घासून, थिनरने पुसून, त्याच दिवशी तो मारा. उशीर केला तर वर सांगितलेला थर परत चढतो. थिनर आणि रंगाचे काम मोकळ्या हवेतच करावे.

गळती शोधणे आणि जोडणे

टाकी बाहेरून कोरडी करून शिवणीवर आणि खड्ड्यांवर खडू घासा. मग डिझेल भरा. बारीक छिद्र असले तरी खडूवर ओला डाग उमटतो. विडी, काडी ओढून बघू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. अण्णा ती टाकी घेऊन गॅस वेल्डिंगवाल्याकडे गेले. मीही सोबत होतो. वेल्डरने तोंडाशी नाक नेले आणि टाकी परत दिली. म्हणाला, "साहेब, मला लेकरंबाळं आहेत." त्याचे बरोबर होते, आणि हे मी आधी सांगायला हवे होते.

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते. भरलेल्या टाकीत हवा थोडी. रिकाम्या टाकीत हवा आणि इंधनाची वाफ मिसळून बसलेली असते. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात प्रज्वलनबिंदू किमान 35 अंश सेल्सिअस ठेवला आहे. इकडे मे महिन्यात सावलीतच पारा 40 च्या वर जातो. त्यात वेल्डिंगची ज्योत लागली की शिवणीत मुरलेल्या डिझेलचीही वाफ होते. "साबणाने धुतली आहे" एवढ्यावर विसंबून ज्योत लावू नये. शिवाय ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते आणि वितळण्याआधी लोखंडासारखे लाल होत नाही, त्यामुळे नवख्या माणसाला कळायच्या आत भोक मोठे होते.

म्हणून ॲल्युमिनियमचे आरगॉन वेल्डिंग जिथे होते आणि टाकी वाफेने साफ करायची सोय जिथे आहे, अशाच कारखान्यात टाकी न्या. आत डिझेल होते हे तोंडाने सांगा. बारीक छिद्राला डिझेल सोसणारी दोन भागांची इपॉक्सी तात्पुरती चालेल. छिद्रे जास्त असतील तर टाकी भंगारात द्या. अण्णांच्या टाकीचे मी तेच करायला लावले आणि चूक माझी होती हे त्यांना सांगितले.

पुन्हा खराब होऊ नये म्हणून

मोरचूद किंवा बोर्डो मिश्रण टाकीवर सांडू देऊ नका. द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी फवारणी पंप टाकीजवळ धुवू नये. तांब्याने ॲल्युमिनियमला खड्डे पडतात. त्याच कारणाने पितळी कॉक थेट ॲल्युमिनियमच्या आट्यांत बसवू नये. टाकीवर खताचे पोते ठेवू नये. पट्ट्याखाली ओले राहणारे गोणपाट घालू नये. हंगाम संपल्यावर टाकी अर्धी ठेवू नका, रात्रीच्या गारव्याने आत पाणी सुटते आणि तळाशी बसते. महिन्यातून एकदा तळाचे पाणी काढावे.

थोडक्यात : आधी चुंबक लावा, सोडा-राख टाळा, ओल्या कागदाने घासा, आणि जिने कधी इंधन पाहिले आहे त्या टाकीला गावात ज्योत लावू देऊ नका. टाकी दुसरी मिळते, माणूस मिळत नाही.