विंचवाचं बिऱ्हाड आणि दीड किलोवॅटचा लेसर



निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'सुवाह्य उच्चशक्ती वायू-लेसर' असा छापला आहे. फोनवर मी 'पोर्टेबल' म्हणालो होतो. कोणीतरी आस्थेने परिभाषाकोश उघडून हा शब्द काढलेला दिसतो. शब्द सुबक आहे. सुखाने वाहून नेता येईल ते सुवाह्य. माझी तक्रार आहे ती फक्त त्यातल्या 'सु'बद्दल. आयुष्यातली चार वर्षं मी एक वायू-लेसर ट्रकवर चढवण्यात घालवली, आणि त्या चार वर्षांत 'सु' म्हणण्यासारखं फार थोडं घडलं. आज त्याचीच हकिगत सांगणार आहे. इथे बहुतेक मंडळी साहित्याची आहेत, म्हणून आधी यंत्राची थोडी ओळख करून देतो. त्यातच एक शब्दाचाही प्रश्न आहे, तो शेवटी येईल.

ज्या लेसरबद्दल बोलतोय त्यात कार्बन डायऑक्साइड वायू वापरतात. तो शोधून काढणारे सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि बेल प्रयोगशाळेत त्यांनी हे काम केलं. त्यांचा शोधनिबंध १९६४ सालचा. पहिल्या प्रयोगात मिळालेली शक्ती जेमतेम एक मिलिवॅट होती. मग त्यांनी नायट्रोजन मिसळला, पुढे हेलियम आला आणि दीड-दोन वर्षांत हीच जात शंभर वॅटच्या घरात पोहोचली. बारामती म्हटल्यावर आपल्याला दुसरंच काही आठवतं, हे मला माहीत आहे. पण शाळेतल्या मुलांना हेही सांगायला हरकत नाही.

नळीत वायू भरायचा, दोन टोकांना दोन आरसे लावायचे आणि वायूतून वीज सोडायची. वीज आधी नायट्रोजनच्या रेणूंना झुलवते. ते रेणू आपला झोका कार्बन डायऑक्साइडला देतात आणि कार्बन डायऑक्साइड तो प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. प्रकाश म्हटलं तरी तो दिसत नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे उष्णतेच्या किरणांच्या जातीची. समोर विटेचा तुकडा ठेवला की तो लाल, मग पांढरा होतो, तेव्हा कळतं की किरण आहे.

अडचण सुरू होते ती उष्णतेपासून. दिलेल्या विजेचा साधारण दहावा हिस्सा किरणात येतो, बाकीची वीज वायू तापवते. वायू दीडशे-दोनशे अंशांपुढे गेला की लेसर मंदावतो आणि मग बंदच पडतो. साध्या, सावकाश वाहणाऱ्या वायूच्या नळीत दर मीटरमागे पन्नास ते ऐंशी वॅट मिळतात. नळी जाड केली तर जास्त मिळतील असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. तसं होत नाही, कारण मधल्या वायूची उष्णता भिंतीपर्यंत पोहोचायला तेवढाच जास्त वेळ घेते. म्हणजे दीड किलोवॅट हवे असतील तर वीस-तीस मीटर नळी. ती घडी घालून टेबलावर बसवता येते, पण प्रत्येक घडीला आरसे वाढतात आणि प्रत्येक आरसा हा एक स्वतंत्र रुसवा असतो.

दुसरा उपाय म्हणजे वायूलाच पळवायचं. पंख्याने तो विजेच्या पट्ट्यातून आडवा, जोरात फेकायचा, तापला की पाण्याच्या जाळीवर गार करायचा आणि परत फिरवायचा. आम्ही हा मार्ग घेतला. त्यामुळे लेसरची पेटी मोठ्या कपाटाएवढी झाली. मी तेव्हा एका यंत्रनिर्मिती कंपनीच्या संशोधन विभागात होतो. गिऱ्हाइकाचं काम होतं गिरणीच्या भल्यामोठ्या रोलरांचा पृष्ठभाग किरणाने तापवून कडक करण्याचं. रोलर कित्येक टनांचे. ते आमच्याकडे आणणं परवडेना. म्हणून वरिष्ठांनी ठरवलं की यंत्रच त्यांच्याकडे न्यायचं. सभेत हे ठरायला दहा मिनिटं लागली.

कपाट ट्रकवर चढवणं कठीण नव्हतं. क्रेनवाल्याने पाव तासात चढवलं. मग आम्ही वहीत लिहायला लागलो की त्याच्याबरोबर काय काय लागेल. विजेच्या पट्ट्याला पंधरा किलोवॅट, पंख्याला चार-पाच, निर्वात पंपाला एक, आणि हे सगळं गार ठेवणाऱ्या पाण्याच्या यंत्राला आणखी सात-आठ. तीस किलोवॅटच्या आसपास गेलं. गिऱ्हाइकाच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून डिझेल जनरेटर. तो वेगळ्या गाडीवर. जनरेटर आल्यावर त्याची थरथर आली, आणि थरथर आरशांना चालत नाही, म्हणून पेटीखाली रबराचे पाय. नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि हेलियमची सिलिंडरं, एकेक पन्नास-साठ किलोचं. मिश्रणात निम्म्याहून जास्त हेलियम लागतो आणि तो परदेशातून येतो, म्हणून त्याची काटकसर. पाणी साधं चालत नाही, क्षार काढलेलं लागतं, त्याचे ड्रम. वीज काही हजार व्होल्टची, म्हणून अर्थिंग. प्रयोगशाळेत जमिनीत पुरलेली तांब्याची पट्टी असते, ती ट्रकवर कुठून येणार? जिथे जाऊ तिथे खड्डा खणायचा, मीठ-कोळसा टाकायचा. म्हणजे पहारही यादीत आली.

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' असं आपण ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याबद्दल म्हणतो. लेसर हा उलट्या जातीचा विंचू आहे. नांगी वितभर, बिऱ्हाड दोन ट्रकांचं. आणि हे बिऱ्हाड म्हणजे खरं तर प्रयोगशाळाच असते: तिची सपाट जमीन, तिचं स्थिर तापमान, तिची स्वच्छ हवा. तिथे असताना आपण या गोष्टी यंत्रात मोजत नाही. न्यायची वेळ आली की त्या एकेक करून हिशेब मागतात.

हे फक्त आमच्यासारख्या लहानांचंच होतं असं समजू नका. अमेरिकेच्या हवाईदलाने एका चार इंजिनांच्या जेट विमानात कार्बन डायऑक्साइडचा लेसर बसवला आणि १९८३ साली त्याने उडती क्षेपणास्त्रं निकामी केली. पण विमानाचं पोट त्याच्याच यंत्रणेने भरून गेलं होतं. पुढे त्यांनी बोइंग ७४७ घेतलं. त्यातला लेसर रासायनिक, क्लोरीन आणि आयोडीनवर चालणारा, सहा मोठ्या भागांचा. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने एक क्षेपणास्त्र पाडलं, २०११ साली प्रकल्प बंद झाला आणि २०१४ साली विमान मोडीत निघालं. लेसरने काम केलं नाही असं कोणी म्हणत नाही. ते बिऱ्हाड घेऊन शत्रूच्या इतकं जवळ, इतका वेळ घिरट्या घालणं कोणाला परवडणार, हा प्रश्न होता.

आता किरण बाहेर कसा न्यायचा ते सांगतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. या किरणाला काच पारदर्शक नसते. तुमच्या चष्म्यावर पडला तर तो तिथेच अडतो आणि चष्मा जातो. सुरुवातीच्या काळात खिडक्या मिठाच्या स्फटिकाच्या करत. पावसाळ्यात त्या विरघळायला लागत. आता झिंक सेलेनाइडच्या पिवळ्या भिंगांतून काम चालतं. पण काचतंतूतून, म्हणजे लवचिक दोरीसारख्या फायबरमधून, तो नेता येत नाही. आरशांवरूनच न्यावा लागतो. प्रत्येक सांध्यात एक आरसा बसवलेल्या नळ्यांचा, कोपर-मनगटासारखा वळणारा एक हात असतो. आमचा हात साडेतीन मीटरचा होता.

एप्रिल महिना होता. आम्ही रात्री गिऱ्हाइकाच्या आवारात पोहोचलो. आमचे ड्रायव्हर बऱ्हाणपूरकडचे, घरात मराठी बोलणारे. सगळे त्यांना दादा म्हणत. दादांनी गाडी आवारातल्या लिंबाखाली लावली. आम्ही ती काढायला लावली, कारण तिथून हात रोलरपर्यंत पोहोचेना. गाडी शेडच्या दाराला, उघड्यावर आली. सकाळी सातला आरसे जुळवले, साडेसातला पूर्ण शक्ती मिळाली. गिऱ्हाइकाने चहा मागवला. दहाला शक्ती उतरायला लागली आणि अकराला निम्मी राहिली. पुन्हा आरसे जुळवले, तासाभरात पुन्हा उतरली. संध्याकाळी पाचनंतर काहीही न करता आपोआप वाढली. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाने आम्हाला नमस्कार केला.

मी अहवाल इंग्रजीत लिहिला. कारण दिलं: रस्त्यातल्या धक्क्यांमुळे आरशांची चौकट सैल झाली. खाली सूचना होती की नाजूक यंत्रांसाठी दुसरा ड्रायव्हर असावा. निघण्याआधी दादा मला म्हणाले होते, "साहेब, गाडी तर मी रात्रीच उभी केली. सकाळी तर चाललं ना यंत्र. मग धक्का कधी लागला?" मी हसून वेळ मारून नेली. त्यांना लेसरमधलं काय कळतं, असं मनात म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. त्यानंतर दादांना कारखान्याच्या आत सामान वाहायच्या टेम्पोवर टाकलं. बाहेरगावचा भत्ता गेला.

दोन महिन्यांनी तेच कपाट आमच्या शेडमध्ये चालू होतं. एका बाजूचा पत्र्याचा दरवाजा उघडा राहिला, ऊन पेटीच्या डाव्या अंगावर आलं आणि शक्ती उतरली. मी हात लावून पाहिलं, मग तापमापक लावला. डावीकडची पोलादी दांडी उजवीपेक्षा आठ अंशांनी गरम होती. पोलाद दर मीटरला, दर अंशाला बारा मायक्रॉन वाढतं. दांडी दोन मीटरची, म्हणजे वाढ सुमारे ०.२ मिलिमीटर, पोस्टकार्डाच्या जाडीइतकी. दोन दांड्यांमधलं अंतर चाळीस सेंटिमीटर, म्हणजे आरसा अर्धा मिलिरेडियन कलला. परावर्तनात हा कोन दुप्पट होतो. दहा मीटर पलीकडे किरण एक सेंटिमीटर सरकला. बस, एवढंच. धक्क्याचा संबंध नव्हता. उघड्यावर उभ्या गाडीत सकाळचं ऊन एका बाजूने येत होतं आणि पाचनंतर शेडची सावली पडत होती.

दांड्या बदलून इन्व्हारच्या करणं सोपं होतं. हे मिश्रधातू पोलादाच्या दहाव्या हिश्श्याइतकंच वाढतं. महाग आहे, पण मिळतं. चौकटीतून पाणी फिरवलं, बाहेरून दुहेरी पत्रा लावला. अहवालाचं मात्र तसं नव्हतं. मी दुरुस्तीचं पान इंग्रजीत लिहून वर पाठवलं, ते फाइलला लागलं आणि दादा टेम्पोवरच राहिले. तेव्हा मी ठरवलं की हे पान त्यांच्या हातात द्यायचं, मराठीत.

आणि मित्रहो, मला ते लिहिता येईना. 'आरशांचं संरेखन औष्णिक प्रसरणामुळे बिघडलं' हे वाक्य मी लिहिलं आणि खोडलं. वाक्यात चूक काही नव्हती. पण ज्या माणसावर मी खोटा आळ घेतला होता, त्याला ते वाचून काय कळलं असतं? आपला दोष नव्हता, एवढंसुद्धा कळलं नसतं. इंग्रजी अहवालाने जे केलं तेच हे मराठी वाक्य करणार होतं. तीन दिवस तो कागद टेबलावर पडून होता. चौथ्या दिवशी मी टायरच्या दुकानात उभा असताना तिथला मुलगा म्हणाला, "अलाइनमेंट गेली आहे, म्हणून एका बाजूने घासतोय." हाच शब्द माझ्या इंग्रजी अहवालात सात वेळा होता. दादांनी तो आयुष्यभर वापरला होता. मी संध्याकाळी लिहिलं: दादा, तुमच्या गाडीची नाही, आमच्या आरशांची अलाइनमेंट गेली होती. उन्हाने एका बाजूची दांडी लांब झाली. चासी एका अंगाने ताणली तर चाकं जशी वाकडी धावतील, तसं झालं. तुम्ही विचारलं होतं ते बरोबर होतं.

परिभाषेविरुद्ध मी बोलत नाही. विद्यार्थ्याला 'संरेखन' लागेल, पाठ्यपुस्तकाला लागेल, आणि कोश करणाऱ्यांचे कष्ट मला माहीत आहेत. पण मराठीत विज्ञान लिहिणाऱ्याने शब्द घेताना कोशाबरोबर गॅरेजमध्येही एक चक्कर मारावी. तिथला शब्द इंग्रजीतून आलेला असेल, तरी तो हाताळून गुळगुळीत झालेला असतो.

त्या गाडीने पुढे आणखी चार ठिकाणी नीट काम केलं. मग एक मायक्रॉनच्या आसपासचे लेसर आले. ते काचतंतूतून जातात. नरोऱ्याच्या अणुभट्टीतल्या नळ्या बदलताना आमच्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने अशाच लेसरचा किरण तंतूतून आत नेऊन कापणी केली. यंत्र दूर राहिलं आणि फक्त किरण आत गेला. त्यानंतर आरशांच्या हाताला कोण विचारणार? आमचं कपाट भंगारात गेलं. इन्व्हारच्या दोन दांड्या मी मागून घेतल्या, त्या घरी आहेत.

मराठी पान मी दादांना नेऊन दिलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, "म्हणजे गाडी लिंबाखाली राहिली असती तर चाललं असतं." मी म्हटलं, चाललं असतं, पण आमचा हात रोलरपर्यंत पोहोचत नव्हता. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "मग तसं लिहा ना साहेब. हात तोकडा होता म्हणून." मी खिशातून पेन काढलं आणि ती ओळ घातली. महिन्याभराने त्याच ओळीसकट ते पान मी फाइलला लावलं आणि दादांच्या बदलीचा अर्ज त्याला जोडला. पावसाळा संपता संपता ते पुन्हा लांबच्या गाडीवर आले.