मतदानाआधीचा संस्कार

(शिक्षक-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संक्षेप)



१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदार याद्या तयार झाल्या, तेव्हा सुमारे २८ लाख महिलांची नावे वगळावी लागली. स्वतःचे नाव सांगण्यास त्या तयार नव्हत्या. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख त्यांनी दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद स्वीकारली नाही. मतदार स्वतःच्या नावाने उभा राहतो, हा नागरिकशास्त्राचा पहिला पाठ होय. तो घोकून उमगत नाही, अनुभवावाच लागतो.

६१ व्या घटनादुरुस्तीमुळे १९८९ पासून मतदानाचे वय २१ ऐवजी १८ झाले. नववीतील विद्यार्थी अवघ्या तीन-चार वर्षांत मतदार होतो. त्याच्यासाठी शाळेतील अभिरूप निवडणूक हा खेळ नव्हे, पूर्वतयारी आहे. प्रत्यक्ष मतदान केंद्रावरही मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष किमान ५० अभिरूप मते नोंदवून, मोजून, पुसली जातात. विश्वासालाही आधी पडताळणी लागते.

शाळेत हजेरीपटावरून मतदार यादी करावी, हरकती मागवाव्यात. अर्ज, छाननी, माघार, आचारसंहिता हे सारे टप्पे पाळावेत. शिक्षकांनी आपली पसंती सूचित करू नये. मतदान कक्षाला पुठ्ठ्याचा आडोसाही पुरतो. पण तो हवाच. एकाच वर्गात एकदा हात वर करून आणि एकदा गुप्त मतपत्रिकेने निवड करून पाहावी. दोन निकालांत अंतर पडले, तर दडपण म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागणार नाही. जात, गल्ली, मैत्री किंवा वाटलेली चॉकलेटे यांवर मत ठरले का, याची चर्चा निकालानंतर व्हावी. मात्र कोणी कोणाला मत दिले, हे कोणीही विचारू नये.

मतमोजणीच्या पत्रकावर पराभूत उमेदवाराच्या प्रतिनिधीचीही स्वाक्षरी घ्यावी. पराभव मान्य करणे हा लोकशाहीचा सर्वांत कठीण संस्कार आहे.

विजयी प्रतिनिधीकडे पाण्याच्या टाकीची स्वच्छता, ग्रंथालयाची वेळ असे खरे काम सोपवावे आणि तीन महिन्यांनी त्याचा हिशेब मतदारांनीच मागावा. अधिकाराविना निवडून आलेला प्रतिनिधी मुलांना एवढेच शिकवतो, की निवडणूक हा देखावा असतो. हा चुकीचा पाठ पक्का होण्यापेक्षा निवडणूक न घेतलेली बरी.